मगरिबनंतरची एक रिंग

इब्राहिमभाई, तुमचं सगळं सामान दोन खोक्यांत मावलं. तीस वर्षांहून जास्त काळ माणूस एका मुलखात राहतो आणि शेवटी दोन खोकी भरतात, तीही नीट भरली तर. एकात कपडे, नमाज पढायचं जानमाज आणि एसीच्या खोलीत घालायचा तो तपकिरी स्वेटर. दुसऱ्यात कागद. कार्गोवाल्याने फोनवर विचारलं, लिक्विड वगैरे काही नाही ना? मी नाही म्हटलं आणि मग आठवलं, गळती शोधायची ती साबणाच्या पाण्याची स्प्रेची बाटली आहे. ती काढून घेतली. ती आता रियाधला माझ्या टेबलावर आहे. माझ्या बायकोने, मेधाने विचारलं, ही इथे कशाला, तर मी ती पुसून परत तिथेच ठेवली.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो, नाहीतर बाकीचं लिहिता येणार नाही. मी भाभींशी खोटं बोललो आहे. तुम्हाला दम्मामला माती दिली त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. रडून रडून आवाज बसला होता. त्या म्हणाल्या, "विनायकभाई, तुमची रोजची रिंग होती ना त्यांना? मग दोन दिवस कळलं कसं नाय?" मी म्हटलं, रिंग देत होतो भाभी, बुधवारी आणि गुरुवारी फोन लागत नव्हता, वाटलं नेटवर्क नसेल. त्या म्हणाल्या, "तरी मी सगळ्यांना सांगतंय, विनायकभाई विसरायचे नायत."

मी ते तसंच चालू दिलं. तुम्ही असतात तर माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं असतंत.

तुमची माझी पहिली भेट तुम्हाला कधी आठवायची नाही, मी शंभर वेळा सांगूनही. रास तनुराला तेलाच्या टर्मिनलवर माझा दुसरा दिवस होता. चिपळूणहून आलेला मी, हातात डिप्लोमा आणि डोक्यात बरीच हवा. कोणीतरी सांगितलं, इब्राहिमभाईंच्या हाताखाली लीक टेस्टिंगला जा, ते तुझ्याच जिल्ह्याचे. जाऊन बघतो तर उन्हात एक उंचापुरा माणूस खुर्ची टाकून एका पाईपसमोर बसलेला, डोक्याला ओला गमछा. पाईपमध्ये गॅस भरून, व्हॉल्व्ह बंद करून दाब टिकतो का ते बघायचं होतं. सहा तास. तुम्ही दर पाच मिनिटांनी गेजच्या काचेवर बोटाने टिचकी मारत होतात. मी विचारलं, काटा तर जागचा हललेला नाही, मग कशाला मारता? तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. म्हणालात, "काटा हलत नाय म्हंजे दाब हाय असं थोडंच? अडकलेला पण असेल. उठवून बघायला लागतं."

मला हसू आलं होतं. मी आत जाऊन दुसऱ्या पोरांना सांगितलं की म्हातारा गेजला गुदगुल्या करतो. तुम्ही तेव्हा चाळिशीतच होतात, पण आम्हाला म्हातारे वाटायचात. दुपारी तुम्ही डब्यातलं सुकं बोंबलाचं कालवण पुढे केलंत आणि जयगडच्या खाडीकाठचं तुमचं गाव, आमचं घर, मधला बोटीचा प्रवास असं सगळं निघालं. मी घरी मासे खात नव्हतो. त्या दिवसापासून खायला लागलो आणि आईला ते कळलं तेव्हा तिने तुमचं नाव घेऊन बोटं मोडली. तेही तुम्हाला मोठ्या हौसेने सांगितलं होतं मी.

आणि मग तुमचे ते डबे. कॅम्पमधून एक परदेशी इंजिनियर कायमचा गेला, त्याच्या खोलीतली रद्दी बाहेर आली, त्यात तुम्हाला ते जुनं बाइंडिंग केलेलं जाडजूड पुस्तक सापडलं. इंग्रजीत, कंटाळवाणं, तक्त्यांनी भरलेलं. पण मध्ये फोटो होते. एक नळकांड्यासारखा उपग्रह आणि त्याच्या अंगाला बाहेरून चिकटवलेले रांगेने छोटे छोटे डबे. तुम्ही डिक्शनरी घेऊन बसलात आणि पंधरा दिवसांनी मला येऊन सांगितलंत की अरे, ही तर आपल्याच धंद्याची गोष्ट आहे. माणूस चंद्रावर जायच्या आधी लोकांना भीती होती की वर वाळूच्या कणाएवढे, त्याहून बारीक दगड गोळीपेक्षा जोरात फिरतात, ते यानाला भोकं पाडतील. किती पाडतील ते कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी पातळ पत्र्याचे डबे केले, आत गॅस भरला, दाब मोजायला एक बटण बसवलं आणि वर पाठवून दिले. कण लागला, भोक पडलं, गॅस गेला, की बटण सुटायचं आणि जमिनीवर कळायचं, एक डबा गेला.

तुम्ही म्हणालात, "आपण भोक पडू नये म्हणून बघतो. ही माणसं भोक पडावं म्हणून डबे धाडत होती." आणि इतके हसलात की चष्मा पुसायला लागला.

त्यानंतर तुम्ही त्या विषयाला जे धरलंत ते सोडलं नाहीत. दोनशे पानी वहीत मराठीत लिहायला सुरुवात केलीत. गावच्या शाळेतल्या मुलांसाठी, असं म्हणायचात. तुमची लेक नाझनीन लहान होती तेव्हा तिच्यासाठी होतं, ती मोठी होऊन पुण्याला नोकरीला लागली तरी वही पुरी झाली नव्हती. प्रत्येक प्रकरण मला वाचून दाखवायचात. मी किती कंटाळायचो, इब्राहिमभाई. आणि किती खोटं खोटं "वा" म्हणायचो.

एका मुद्द्यावर मात्र आपलं कधी जमलं नाही. डब्यांच्या आधी जे उपग्रह गेले त्यांच्यावर मायक्रोफोन होते. कण आपटला की टक् असा आवाज, तो मोजायचा. त्यांनी इतके आवाज मोजले की शास्त्रज्ञांना वाटलं पृथ्वीभोवती धुळीचा पट्टाच आहे. पुढे लक्षात आलं की उपग्रह सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत गेला की मायक्रोफोनमधला स्फटिक तापून आणि थंड होऊन आपोआपच कुरकुरत होता. धूळ फार नव्हतीच. मी म्हणायचो, बघा, तुमचा मायक्रोफोन खोटारडा निघाला, माझा डबा बरा. डबा आयुष्यात एकदाच बोलतो, पण खरं बोलतो. तुम्हाला ते पटायचं नाही. तुम्ही म्हणायचात, खोटं तर खोटं, पण बोलत तरी होता. डबा एकदा बोलून झाला की संपला, त्याला पुन्हा विचारायची सोय नाही. वर्षानुवर्षं हा वाद घातला आपण, टर्मिनलच्या बसमध्ये, कतीफच्या मासळीबाजारात हमूरचा भाव करता करता. मासेवाला हसायचा आणि म्हणायचा, खलास, यल्ला, आधी मासा घ्या.

मी रियाधला आलो ते चांगल्या नोकरीसाठी. कारखान्यांतल्या यंत्रांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर. पंप कुठला तापला, कंपन कुठलं वाढलं, ते स्क्रीनवर लाल होतं. निघताना तुम्ही म्हणालात, आता तू एकटा, मी एकटा, रोज मगरिबनंतर, दिवस मावळला की, एक रिंग देत जाऊ. उचलायचं नाही. एक रिंग म्हणजे सगळं बरं. दोन रिंग म्हणजे फोन कर. आधी तू दे, मग मी देतो. गल्फमधल्या निम्म्या लोकांचं असंच चालतं, त्यात विशेष काही नव्हतं. पण आपण ते वर्षानुवर्षं केलं. लग्नानंतर मेधाने पहिल्या आठवड्यात विचारलं, ही कोण रोज मिस्ड कॉल देते? मी तुमचं नाव सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. मग तुम्ही आलात, तिच्या हातची आमटी चार वाट्या प्यालात आणि तिचा विश्वास बसला. पुढे आमच्या ईराने तुमचं नावच वन रिंग अंकल ठेवलं.

तुमची कंपनी बंद झाली आणि सगळे गेले. तुम्ही राहिलात, कारण कफीलकडून, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडून, कागद सुटत नव्हते. आज होतील, पुढच्या आठवड्यात होतील. कतीफला बकाल्याच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, वरची एक खोली घेऊन तुम्ही बसून राहिलात. ड्यूटी नाही, सहकारी नाहीत, घरी फोन करायचात तो फक्त शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, तासभर. रोज बोललं की भाभी रोज रडतात, म्हणून. म्हणजे शनिवारपासून गुरुवारपर्यंत तुम्ही आहात की नाही हे जगात एकाच माणसाला कळायचं. हे मला तेव्हा माहीत होतं. कळलेलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

त्या दिवसांत तुमच्या दोन रिंग वाढल्या. मी घाबरून फोन करायचो आणि तुम्ही म्हणायचात, काय नाय रे, बाजारात आज ताजा शेरी मासा आलाय. कधी म्हणायचात, वहीत एक शब्द अडलाय. एकदा माझी मोठी मीटिंग चालू होती, क्लायंट समोर. दोन रिंग आल्या. सगळ्यांची माफी मागून मी जिन्यात पळालो. तुम्ही उत्साहात सांगायला लागलात की त्याच उपग्रहावर बारीक तांब्याच्या तारा गुंडाळलेल्या होत्या, कणाने तार तुटली की कळायचं, हे मी तुला आधी सांगितलं होतं का?

मी काय बोललो ते तुम्हाला माहीत आहे. तरी इथे लिहितो, कारण ते फक्त तुम्हाला आणि मलाच माहीत आहे. मी म्हटलं, "इब्राहिमभाई, तुम्ही त्या मायक्रोफोनसारखे झालात. ऊन पडलं तरी वाजता."

तुम्ही हसलात. मग म्हणालात, जा, मीटिंग कर.

त्या संध्याकाळी मी फोन केला, माफी मागायला म्हणून. आणि माफी मागायच्या ऐवजी तुम्हाला शहाणपण शिकवलं. म्हटलं, आपण पद्धत बदलू. रोजची रिंग बंद. काही झालं तरच फोन. आमच्या कामात हेच करतात, सगळं ठीक असेल तर कोणाला त्रास द्यायचा नाही, बिघडलं तरच लाल दिवा. तुमच्या डब्यांसारखं. गप्प आहे म्हणजे शाबूत आहे. तुम्ही म्हणालात, तसं नव्हतं ते. उपग्रह दर फेरीला खाली सांगत राहायचा, मी आहे, इतके डबे शाबूत. तेव्हाच गप्प बसलेल्या डब्याला अर्थ. "नायतर डबा गप्प हाय तो फुटला नाय म्हणून, का रेडिओच मेला म्हणून, हे कसं कळणार?"

मी म्हटलं, मरू द्या हो तो रेडिओ, तुम्ही ठणठणीत आहात.

इब्राहिमभाई, आमच्या कामातसुद्धा तसं नसतं. मी बसवलेला प्रत्येक सेन्सर दर मिनिटाला एक निरोप पाठवतो, मी चालू आहे. तो आला नाही तर स्क्रीन लाल होते. दोन पैशांच्या पंपासाठी मी ती सोय न विसरता करतो. मला वाद जिंकायचा होता आणि संध्याकाळ मोकळी हवी होती. बाकी काही नाही. तुम्ही "बरं" म्हणालात. त्याआधी माझ्याशी वाद घालताना तुम्ही इतक्या लवकर बरं म्हणाला नव्हतात. मी तेही ऐकलं आणि सोडून दिलं.

दहा आठवडे गेले. पहिले काही दिवस मगरिबची अजान झाली की हात फोनकडे जायचा. मग जायचा बंद झाला. रियाधला मेट्रो सुरू झाल्यापासून मी त्याच वेळेला गाडीतून घरी येत असतो, डोळे मिटून. एकदा मेधाने विचारलं, इब्राहिमभाईंचं काय, बरे आहेत ना? मी म्हटलं, बरे असणार, फोन नाही म्हणजे बरे आहेत. ती म्हणाली, ही कसली पद्धत? मी तिला डबे समजावून सांगितले.

शुक्रवारी दुपारी आम्ही जेवत होतो. भाभींचा फोन आला. म्हणाल्या, जुम्मा होऊन दोन तास झाले, यांचा फोन आला नाय, मी केला तर उचलत नायत. दोन तास. बाईला दोन तासांत कळलं. मी बकाल्याच्या मलबारी माणसाला फोन लावला. तो म्हणाला, दोन-तीन दिवस खुबूस रोट्या न्यायला आले नाहीत, मला वाटलं गावाला गेले, कागद झाले असतील. त्याने मालकाला बोलावलं. मी फोन चालूच ठेवला होता. चावी फिरल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आला आणि मग तो माणूस मल्याळममध्ये काहीतरी बोलला. मला मल्याळम येत नाही, तरी समजलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. एकदम गेले की थोडा वेळ गेला, ते सांगता येत नाही म्हणाले. तुम्ही खाटेवर बसलेले होतात, भिंतीला टेकून. फोन शेजारीच होता, चार्जिंगला लावलेला. मी कतीफला पोचल्यावर पोलिसांनी तो माझ्यासमोर उघडला. मंगळवारनंतर तुम्ही कोणालाही फोन केलेला नव्हता. तो अधिकारी पुरे म्हणेपर्यंत मी ती यादी बघत राहिलो. तुम्हाला दुखलं होतं का? हातात घेतला होतात का फोन? आणि मग वाटलं का, जाऊ दे, उगाच वाजायला नको? हे मला आता कोण सांगणार? डबा एकदाच बोलतो म्हणून मी इतकी वर्षं ऐटीत सांगत होतो. तुम्हाला मी ते एकदासुद्धा बोलू दिलं नाही.

भाभी म्हणाल्या, आणायची खटपट करू नका, तिथंच माती द्या. रत्नागिरीकडचे वीसेक लोक आले होते, निम्म्यांना तुम्ही कधीतरी काम शिकवलेलं. मला कोणी अडवलं नाही. तीन मुठी माती मीही टाकली. ती इतकी कोरडी होती की हातात राहीचना.

खोली आवरताना वही सापडली. उपग्रहांची हकिगत जवळजवळ पुरी झाली आहे. शेवटच्या पानावर लिहिलंय की डबे भीती होती त्यामानाने फारच थोडे फुटले, म्हणून माणसं चंद्राकडे जायला धजली. अक्षर नेहमीसारखं, टपोरं. मला वाटलं, संपली. मग मागून वही उघडली. मागच्या बाजूने तुम्ही तारखा घातल्या होत्या, रोज एक ओळ. पहिली तारीख आपण रिंग बंद केली त्या दिवसाची. "विनायकचा फोन नाही. खुशाल." दुसऱ्या दिवशी, "विनायकचा फोन नाही. खुशाल." दहा आठवडे, एकही दिवस न चुकता. मध्ये एकदा लिहिलंय, "रियाधला वाळूचं वादळ म्हणतात. फोन नाही. खुशाल असावा." त्या दिवशी तुम्हाला माझी काळजी वाटली होती आणि तुम्ही फोन केला नाहीत, कारण तसं ठरलं होतं. मंगळवारची ओळ आहे. बुधवारची नाही.

मी तुमच्यावर हा नियम लादला तेव्हा मला वाटलं होतं की गप्प बसणारे एकटे तुम्ही. माझ्या गप्प राहण्यासमोर तुम्ही रोज खुर्ची टाकून बसला होतात आणि टिचकी मारायला हात बांधलेले होते.

मी बरा नाही, इब्राहिमभाई. कामावर जातो, स्क्रीन बघतो, घरी येतो. मगरिब झाली की तुमचा नंबर लावतो. इकामा, तुमचा राहायचा परवाना, रद्द झाल्यावर सिमही बंद झालं, एक बाई अरबीत सांगते की हा क्रमांक सेवेत नाही. मी तिचं पूर्ण ऐकून घेतो. लोक म्हणतात वेळ जाऊ द्या. वेळ गेल्यावर काय होणार? बुधवारची ओळ लिहिली जाणार नाही.

तुम्ही मला पाईप, गेज, मासे, सगळं दिलंत. मी कधी आभार मानले नाहीत, मानले असते तर तुम्ही चिडला असतात. आज मानतो. पण हे सगळं तुमच्यासाठी लिहिलं असं म्हटलं तर तेही अर्धं खोटंच होईल. तुम्हाला सगळं माहीतच आहे. हे कागद मी दुसऱ्या खोक्यात, तुमच्या वहीवर ठेवतो आहे. खोकं गावाला पोचेल, नाझनीन सुट्टी काढून येईल, उघडेल आणि आईला वाचून दाखवेल. वही आधी वाचेल की हे आधी, ते मला ठरवता येणार नाही. भाभींना फोनवर सांगायचा मी चार वेळा प्रयत्न केला. चारही वेळा त्यांनी मला दुवा दिली आणि मी फोन ठेवून दिला.

भाभी, बुधवारी आणि गुरुवारी फोन लागत होता. मी केला नव्हता. मंगळवारीही नाही, त्याआधीचे दहा आठवडेही नाही. रोजची रिंग मी बंद करायला लावली. ते नको म्हणत होते.